शब्द ओठांवर अडतो तेव्हा : पक्षाघातानंतरचे दूरस्थ वाचोपचार

गेल्या पावसाळ्यात आजारी भाविकांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही एका घरी गेलो होतो. घरातील कर्त्या गृहस्थांना चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. वय साठीच्या जरा पुढे. उजवा हात बराचसा सावरला होता, काठीच्या आधाराने चालणेही सुरू झाले होते. आम्हांला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. खिडकीकडे हात करून ते पत्नीला म्हणाले, "ती दे... ती गं... आपली ती..." खिडकीत पाण्याचा तांब्या होता, चष्मा होता, वर्तमानपत्र होते आणि कपाटाची किल्ली होती. बाईंनी तांब्या पुढे केला. त्यांनी मान हलवली. चष्मा दिला, तो त्यांनी बाजूला सारला. वर्तमानपत्र दिले तेव्हा मात्र त्यांचे डोळे भरून आले आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. किल्ली हवी होती, हे सर्वांना बऱ्याच वेळाने उमगले. आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सासाठी बाजूला काढून ठेवलेले पाकीट कपाटात होते.

त्यानंतर आम्ही प्रार्थना सुरू केली. 'आमच्या बापा' ही प्रार्थना ते गृहस्थ आमच्याबरोबर आरंभापासून अखेरपर्यंत, एकही शब्द न चुकता म्हणाले. दारात उभ्या असलेल्या एका शेजाऱ्यांनी हळूच विचारले, "फादर, प्रार्थना अशी घडाघडा येते, मग साधी किल्ली मागता येत नाही? हे काय नाटक आहे की डोक्यावर परिणाम?"

प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नव्हता. परंतु हाच प्रश्न आम्ही याआधीही अनेक घरांत ऐकला आहे, आणि त्यामुळे कितीतरी शहाणीसुरती माणसे आपल्याच घरात मुकी होऊन बसलेली पाहिली आहेत. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर माहिती वाचकांपुढे ठेवत आहोत.

हे नाटक नव्हे आणि वेडही नव्हे. या अवस्थेला वैद्यकात अफेझिया म्हणतात. मराठीत वाचाघात हा शब्द रूढ आहे. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली अथवा फुटली की त्या भागातील पेशी मरू लागतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक सर्व माणसांत, आणि डावखुऱ्यांपैकीही बहुसंख्यांत, भाषेचे कार्य मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालते. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू सांभाळतो. त्यामुळे उजवा हातपाय लुळा पडणे आणि वाचा जाणे या दोन गोष्टी पुष्कळदा जोडीने येतात. पक्षाघातातून बचावलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना कमीअधिक प्रमाणात वाचाघात होतो. त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाला नेमका शब्द न सापडण्याचा त्रास असतोच.

मेंदूचा पुढील भाग आणि वाचा यांचा संबंध प्रथम ठामपणे दाखवला तो पॅरिसचे शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी, १८६१ साली. बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक रुग्ण एकवीस वर्षे राहिला होता. त्याला बोललेले बरेचसे कळत असे, पण तोंडातून 'तान' एवढेच अक्षर निघे. सारे रुग्णालय त्याला 'तान' याच नावाने ओळखत असे. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढील भागाला इजा झालेली आढळली. आमच्या शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तरही याच रुग्णाच्या हकिकतीत दडले आहे. एरवी 'तान' शिवाय काहीही न बोलणारा हा माणूस संतापला की देवाच्या नावाने एक सणसणीत शपथ मात्र स्पष्ट उच्चारीत असे!

याचे कारण असे की पाठ झालेले बोलणे आणि जुळवून केलेले बोलणे यांची वाट एकच नाही. प्रार्थना, अंक, वारांची नावे, लहानपणची गाणी, एवढेच काय पण शिव्यासुद्धा, वर्षानुवर्षांच्या उजळणीने साखळीसारख्या गुंफलेल्या असतात. पहिली कडी ओढली की पुढच्या कड्या आपोआप येतात. 'किल्ली दे' म्हणताना मात्र हजारो शब्दांतून नेमका एक शब्द त्याच क्षणी निवडून काढावा लागतो. प्रार्थना येते म्हणून माणूस ढोंगी ठरत नाही, आणि प्रार्थना येते म्हणून बाकीचे बोलणे उद्या आपोआप येईल असेही नाही.

शब्द सापडतो कसा, हे येथे थोडे पाहायला हवे, कारण सर्व उपचार त्यावरच उभे आहेत. वस्तू पाहिली की प्रथम तिचा अर्थ मनात जागा होतो : ही कुलूप उघडते, धातूची असते, जुडग्यात ठेवतात. मग त्या अर्थाशी बांधलेला शब्द निवडला जातो. त्यानंतर त्या शब्दाचे ध्वनी क्रमाने गोळा होतात आणि शेवटी जीभ, ओठ, टाळू यांना हुकूम सुटतो. ही सारी क्रिया निरोगी माणसात एका सेकंदाच्या आत उरकते. पक्षाघातानंतर यांपैकी कोणतीही पायरी मोडू शकते. अर्थाच्या पायरीजवळ गोंधळ झाला तर किल्लीऐवजी 'कुलूप' हा शब्द येतो. ध्वनीच्या पायरीजवळ झाला तर 'किल्ली'ची 'पिल्ली' होते. कित्येकदा शब्द येतच नाही, मग माणूस वळसा घेतो : "ते उघडायचं असतं ना, त्याचं..." आणि कधी केवळ 'ते', 'हे', 'आपलं ते' एवढेच उरते.

१९९५ साली इटलीतील एका रुग्णाविषयी संशोधकांनी लिहिले आहे. त्याला वस्तूचे नाव आठवत नसे, नावाचे पहिले अक्षरही सांगता येत नसे, पण ते नाव स्त्रीलिंगी की पुल्लिंगी हे तो अचूक सांगे. शब्दाचे व्याकरण हाताशी आले होते, ध्वनी आला नव्हता. हे वाचताना आम्हांला त्या घरातील खिडकी आठवली. तांब्या तो, चष्मा तो, वर्तमानपत्र ते. त्या चार वस्तूंत 'ती' म्हणण्याजोगी एकच वस्तू होती. गृहस्थांनी जवळजवळ सांगितलेच होते. आमच्यापैकी कोणाचे लक्ष गेले नाही, एवढेच.

येथे एक गोष्ट थोडक्यात, पण ठासून सांगायला हवी. बोलणे एकाएकी अडखळू लागले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हात खाली पडू लागला, तर घरगुती उपाय करत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून थेट रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आता उपचारांकडे वळू. वाचोपचारतज्ज्ञ रुग्णाला चित्र दाखवतात आणि नाव विचारतात. नाव आले नाही तर ते लगेच सांगून टाकत नाहीत. त्या वस्तूभोवती प्रश्नांचे कुंपण घालतात : हिचा उपयोग काय? ही घरात कोठे असते? कशाची बनवलेली असते? हिच्यासारखे आणखी काय असते? अर्थाचे असे धागे चहूबाजूंनी ओढले की मधली गाठ, म्हणजे शब्द, वर येण्याची शक्यता वाढते. दुसरी रीत ध्वनीकडून जाते. शब्दात किती अक्षरे आहेत, पहिले कोणते, कोणत्या शब्दाशी यमक जुळते, हे विचारले जाते. तरीही शब्द आला नाही तर तज्ज्ञ पहिले अक्षर उच्चारून थांबतात, किंवा वाक्य अर्धे सोडतात : "दाराला कुलूप लावलं आणि खिशात ठेवली..." एवढ्यानेही भागले नाही तर शब्द म्हणून दाखवतात आणि रुग्णाकडून म्हणवून घेतात. मग काही मिनिटांनी तोच शब्द पुन्हा, आणि दोन दिवसांनी पुन्हा. यात जादू नाही. वाट बुजली आहे, ती पायाखाली पुन्हा पुन्हा घालून मोकळी करायची आहे.

साहजिकच येथे सातत्याला मोल आहे, आणि आपल्याकडचे घोडे नेमके येथेच अडते. प्रशिक्षित वाचोपचारतज्ज्ञ बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. गावातील रुग्णाला शहरात न्यायचे म्हणजे रिक्षा, मग लोकल किंवा एस.टी., बरोबर एक धडधाकट माणूस, त्याची बुडालेली रोजी, आणि अर्धांगाने थकलेल्या देहाचे दिवसभराचे हाल. पहिल्या महिन्यात उत्साहाने चार फेऱ्या होतात, दुसऱ्या महिन्यात एक, आणि तिसऱ्या महिन्यात 'देवाची मर्जी' म्हणून प्रकरण मिटते. आम्ही धर्मगुरू असूनही सांगतो, येथे देवाच्या मर्जीला दोष देण्याचे कारण नाही. अडचण प्रवासाची आहे.

ही अडचण दूर करण्याचा मार्ग म्हणजे दूरस्थ वाचोपचार. तज्ज्ञ आपल्या ठिकाणी, रुग्ण आपल्या घरी, आणि मध्ये संगणक अथवा मोबाइलचा पडदा. कल्पना आजची नाही. अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात ग्वेनिथ व्हॉन या विदुषींनी साध्या टेलिफोनवरून वाचोपचार देण्याची पद्धत १९७०च्या दशकातच सुरू केली होती. २०२०च्या कोरोना साथीत दवाखाने बंद झाले तेव्हा जगभरातील तज्ज्ञांना हाच मार्ग धरावा लागला, आणि आपल्या देशातही तो रुळला.

पण पडद्यावरून केलेला उपचार समोरासमोरच्या उपचाराइतका खरा का? ही शंका रास्त आहे. लंडनच्या सिटी विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली याच प्रश्नावर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. वाचाघात झालेल्या वीस रुग्णांपैकी काहींना शब्द शोधण्याचे उपचार समोर बसवून दिले, काहींना बाजारात सहज मिळणाऱ्या साधनांवरून व्हिडिओद्वारे दिले, आणि काहींशी पडद्यावरून केवळ गप्पा मारल्या. चार आठवड्यांत आठ बैठका झाल्या. समोर उपचार घेतलेल्यांची आणि दुरून घेतलेल्यांची चित्रे ओळखून नाव सांगण्यातली प्रगती सारखीच होती. नुसत्या गप्पा झालेल्यांची तेवढी झाली नाही. वीस ही संख्या लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी प्रवास टाळला म्हणून उपचार वाया गेला नाही, एवढे त्यातून निश्चित दिसले.

दुसरा अभ्यास याहून मोठा आहे आणि आमच्या मते अधिक बोलका आहे. ब्रिटनमध्येच २७८ रुग्णांवर केलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. शेफिल्ड विद्यापीठाच्या रिबेका पामर यांनी तिचे नेतृत्व केले. पक्षाघाताला किमान चार महिने उलटलेले हे रुग्ण होते, आणि कित्येकांना तर वर्षे लोटली होती. एका गटाला नेहमीचे उपचार होते. दुसऱ्याला त्याशिवाय कोडी सोडवायला दिली. तिसऱ्या गटातील प्रत्येकाने स्वतःला हवे असलेले शंभर शब्द निवडले, तज्ज्ञांनी ते त्याच्या संगणकावर बसवून दिले, आणि रुग्णाने सहा महिने घरच्या घरी सराव केला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या गटाची निवडलेले शब्द सांगण्याची क्षमता सुमारे १६ टक्क्यांनी अधिक वाढली. वर्षे लोटल्यावरही मेंदू शिकतो, ही त्यातील आनंदाची बाजू.

दुसरी बाजूही लपवू नये. सरावाचे शब्द सुधारले, पण त्यामुळे प्रत्यक्ष संभाषण सुधारल्याचे आढळले नाही. पडद्यावरील किल्लीचे चित्र पाहून 'किल्ली' म्हणणे वेगळे, आणि पाहुणे दारात असताना, घाईगर्दीत, मनात संकोच असताना 'किल्ली दे' म्हणणे वेगळे. म्हणून केवळ एखादे ॲप मोबाइलवर उतरवून दिले आणि आपली जबाबदारी संपली, असे समजणे चुकीचे ठरेल. सराव यंत्राबरोबर होऊ शकतो, पण बोलायला समोर माणूस लागतो. चांगले तज्ज्ञ दूरस्थ बैठकीतही घरातील व्यक्तीला शेजारी बसवून घेतात आणि शिकलेला शब्द त्याच दिवशी खऱ्या कामासाठी वापरायला लावतात, ते याचसाठी.

बैठकीच्या व्यवस्थेबद्दल काही अनुभवाच्या गोष्टी. मोबाइल हातात धरू नये. तो उशीला नव्हे, पक्क्या वस्तूला टेकवून डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा. उजेड तोंडावर पडावा, पाठीमागून येऊ नये, कारण तज्ज्ञांना रुग्णाचे ओठ दिसावे लागतात आणि रुग्णाला तज्ज्ञांचे. आवाज तुटक येत असेल तर 'प' आणि 'ब' यांतील फरक कळत नाही, म्हणून कानाला लावायचे साधन घेतलेले बरे. डाव्या मेंदूच्या इजेत पुष्कळदा उजव्या बाजूचे दिसेनासे होते. अशा वेळी पडदा किंचित डावीकडे सरकवावा. दूरदर्शन संच बंद ठेवावा, हे सांगायला नको असे वाटते, पण सांगावे लागते. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी गोळा होऊन बैठक पाहू नये. जाणता माणूस 'मांजर' म्हणताना अडतो आहे हे दहाजणांनी पाहणे त्याला किती लागत असेल!

सर्वच रुग्णांना हा मार्ग मानवतो असे नाही. ज्याला बोललेले फारसे समजत नाही, ज्याची दृष्टी अथवा श्रवण अतिशय मंद आहे, त्याला समोरासमोरचा उपचारच योग्य. गिळताना ठसका लागत असेल तर तीही वाचोपचारतज्ज्ञांच्याच कक्षेतील बाब आहे, पण ती तपासणी प्रत्यक्षच करून घ्यावी. निदान पहिली भेट प्रत्यक्ष आणि पुढील बैठका दुरून, अशी सांगड अनेकांना सोयीची पडते. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, नायर रुग्णालयाशी संलग्न वाचोपचार विभाग, तसेच म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था ही या क्षेत्रातील जुनी, नावाजलेली केंद्रे आहेत. खासगी तज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडील त्यांची नोंदणी अवश्य विचारावी. विचारण्यात अपमान काही नाही. आणखी एक माहिती फार थोड्यांना असते : २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात वाचाघातामुळे आलेले कायमचे वाचा व भाषेचे दिव्यांगत्व स्पष्टपणे समाविष्ट आहे. हातपाय चालतात म्हणून दाखल्याचा हक्क जात नाही.

आपल्या भागातील रुग्णांच्या बाबतीत भाषेचा प्रश्नही आहे. घरात सामवेदी किंवा वाडवळी, चर्चमध्ये आणि शाळेत प्रमाण मराठी, नोकरीत हिंदी आणि इंग्रजी, असे आयुष्य काढलेल्या माणसाला कोणत्या भाषेतला शब्द शोधायला लावायचा? तज्ज्ञांना ही बोली येत असेलच असे नाही. तेव्हा घरच्यांनी पहिल्याच बैठकीत घरचे शब्द लिहून द्यावेत आणि त्या शब्दाने दिलेले उत्तर बरोबर धरायला सांगावे. पुस्तकी शब्द आला नाही म्हणून रुग्णाला नापास करणे हा अन्याय आहे. सरावाची चित्रेही छापील संचातली कशाला? हिमाचे घर आणि अस्वल यांचे आमच्या माणसाला काय काम? घरातील विहीर, अंगणातील केळ, नातवंडांचे फोटो, रोजच्या गोळ्यांचे पाकीट यांची छायाचित्रे काढावीत.

घरच्यांसाठी सर्वांत कठीण काम म्हणजे थांबणे. शब्द अडला की प्रेमापोटी आपण तो चटकन पुरवतो. दहापर्यंत मनात मोजावे. मग 'होय-नाही'चा सोपा प्रश्न विचारावा. खूण, चित्र, बोट दाखवणे हेही बोलणेच समजावे. मोठ्याने बोलू नये, माणूस बहिरा झालेला नाही. लहान मुलाशी बोलतात तसे बोलू नये. आणि भेटीस आलेल्यांनी "मी कोण, सांगा पाहू?" अशी परीक्षा कृपया घेऊ नये. हा प्रकार आम्ही जवळजवळ प्रत्येक घरात पाहिला आहे. आपले नाव आपणच आधी सांगावे आणि बसावे.

त्या गृहस्थांच्या कन्येने पुढे मुंबईच्या एका तज्ज्ञ बाईंकडे त्यांना एकदा प्रत्यक्ष नेले आणि नंतर आठवड्यातून दोनदा व्हिडिओवरून बैठका सुरू केल्या. शब्द निवडायला सांगितले तेव्हा त्यांनी पहिली तीन नावे नातवंडांची घेतली, आणि चौथ्या शब्दासाठी उठून कपाटाकडे बोट दाखवले. रोज सकाळी अर्धा तास पत्नीबरोबर सराव चालतो. सगळे सुरळीत आहे असे नव्हे. मधल्या नातवाचे नाव अजून येत नाही, धाकट्याचेच दोघांना लागते. गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा त्यांनी खिडकीकडे हात केला. "ती..." म्हणाले आणि थांबले. बाई जागच्या उठल्या नाहीत. त्या हातातली भाजी निवडत राहिल्या. बराच वेळ गेला, निदान आम्हांला तो बराच वाटला. "कि..." ते म्हणाले, "किल... किल्ली." बाईंनी ती आणून त्यांच्या हातात दिली, आणि ते पाकीट काढायला स्वतःच उठले.